मोठ्या मुलांचा डांग्या खोकला : ओळखावा कसा, निभवावा कसा



हिवाळा आला की आपल्या घराघरांत खोकला सुरू होतो. आजोबा खोकतात, नातू खोकतो, आणि आपण म्हणतो, "हवा बदलली, होईल बरा." बहुतेक वेळा होतोही. पण एक खोकला असा आहे की तो मोठ्या मुलात वेश पालटून येतो, आणि आपण त्याला ओळखत नाही. तो म्हणजे डांग्या खोकला. इथे हिब्रूत त्याला 'शाएलेत' म्हणतात. मी नर्स म्हणून अनेक वर्षे नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे टिपात हालावमध्ये, म्हणजे आई-बाळांच्या दवाखान्यात. तरी माझ्याच घरात हा खोकला आला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. ती चूक सांगावी आणि इतरांनी ती टाळावी, म्हणून हा लेख.

कोकणातली आठवण

माझे बालपण कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या एका खेड्यात गेले. 1958 साली मी आठ वर्षांची होते. त्या पावसाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या भावाला डांग्या खोकला झाला. ज्यांनी तो आवाज एकदा ऐकला ते विसरत नाहीत. खोकल्याची उबळ आली की पोर एका श्वासात दहा-पंधरा वेळा खोकायचे. तोंड लालबुंद, डोळे बाहेर, जीभ बाहेर. उबळ संपली की श्वास आत ओढताना 'हूऽऽप' असा लांब आवाज यायचा आणि मग ओकारी. आईने अडुळसा दिला, ज्येष्ठमध दिला, आल्याचा रस आणि मध चाटवला. शेजारच्या बाया म्हणायच्या, "शंभर दिवसांचा पाहुणा आहे, शंभर दिवस राहूनच जाईल." भाऊ पावसाळा संपता संपता बरा झाला.

पण पाळण्यात आमची दोन महिन्यांची बहीण होती. ती खोकलीच नाही. दूध पिता पिता थांबायची, काळीनिळी व्हायची, पुन्हा श्वास घ्यायची. आजी म्हणाली, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. भावाचा खोकला आणि बाळाचे जाणे यांचा संबंध घरात कोणीच लावला नाही. मलाही तो पुढे कळला, 1969 साली इस्राएलात आल्यावर, नर्सिंगच्या वर्गात बसले असताना. त्या दिवशी मला पुढचे काही लिहून घेता आले नाही.

मग माझ्याच घरात

2012 सालचे हनुकाचे दिवस. माझा मोठा नातू तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. त्याची धाकटी बहीण सहा आठवड्यांची. मुलगा-सून शेजारच्याच इमारतीत राहतात, म्हणून दिवसभर ये-जा असायची.

नातवाला आधी साधी सर्दी झाली. नाक गळणे, शिंका, थोडा खोकला. दहा-बारा दिवसांनी सर्दी गेली, पण खोकला वाढला. ताप नाही. दिवसा पोरगा फुटबॉल खेळत होता, हसत होता. रात्री मात्र उबळ यायची. एकदा सुफगानियोत खाल्ल्यावर खोकला आणि सगळे ओकला. मी म्हटले, "तळलेले खाऊ नको म्हणून सांगत होते ना!" दुसऱ्या दिवशी भात खाऊन ओकला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, छाती स्वच्छ होती. व्हायरस आहे, जाईल, म्हणाले. मीही मान डोलावली. पोराच्या सगळ्या लशी झालेल्या होत्या, दुसरीतला डोसही झाला होता. 'हूप' आवाज तर एकदाही आला नव्हता. मी लहानपणी ऐकलेल्या आवाजाची वाट बघत बसले आणि तो आवाज आलाच नाही.

एका रात्री सुनेचा फोन आला. बाळ दूध पिता पिता निळे पडले होते. मी धावत गेले. बाळ खोकत नव्हते, फक्त थांबले होते. पन्नास वर्षांपूर्वीचा पाळणा माझ्या डोळ्यांपुढे आला. आम्ही 101 ला फोन केला, मागेन डेव्हिड अडोमची गाडी आली. बाळ बारा दिवस इस्पितळात राहिले. नाकातला नमुना तपासला, शाएलेत निघाला. मग नातवाचाही तपासला, त्याचाही तोच.

तिसऱ्या दिवशी सून मला म्हणाली, "आई, तुम्ही तर नर्स ना?" एवढेच. ती रागाने बोलली नाही, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. देवाच्या कृपेने बाळ वाचले.

मोठ्या मुलात तो वेगळा का दिसतो?

हा रोग बोर्डेटेला पर्टुसिस नावाच्या जंतूमुळे होतो. ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह झांगू या दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनी 1906 साली तो वेगळा करून दाखवला. जंतू श्वासनळीच्या आतल्या बारीक केसांना चिकटतो आणि विष सोडतो. ते केस एरवी केरसुणीसारखे कफ वर ढकलत असतात. केस निकामी झाले की कफ साचतो आणि तो काढायला शरीर खोकत सुटते. जंतू मेला तरी केस पुन्हा नीट व्हायला वेळ लागतो, म्हणून औषध घेऊनही खोकला आठवडेच्या आठवडे राहतो. शंभर दिवसांचा पाहुणा हे बायांचे म्हणणे काही चुकीचे नव्हते.

मोठ्या मुलाची श्वासनळी रुंद असते आणि जुन्या लशीची थोडी ताकद अंगात शिल्लक असते. म्हणून 'हूप' आवाज बहुधा येत नाही. पण लशीचे संरक्षण काही वर्षांनी उतरते, म्हणून रोग मात्र होतो. एवढेच नव्हे, ज्याला लहानपणी डांग्या होऊन गेला त्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, "मला गावी झाला होता, मला काय होणार?" तसे समजू नका.

ओळखण्याच्या खुणा

लागण झाल्यापासून साधारण सात ते दहा दिवसांनी रोग सुरू होतो, क्वचित तीन आठवड्यांनीही. पहिला एक-दोन आठवडे तो साध्या सर्दीसारखाच असतो, आणि नेमका तेव्हाच सर्वांत जास्त पसरतो. पुढे या गोष्टी बघा:

- खोकला दोन आठवड्यांवर गेला आणि कमी होण्याऐवजी वाढतो आहे.
- खोकला सुटा-सुटा नाही, उबळ येते. एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही.
- उबळ संपल्यावर ओकारी होते किंवा ओकारीसारखे होते. मोठ्या मुलात ही फार महत्त्वाची खूण आहे.
- रात्री जास्त त्रास होतो. मुलाला झोप नाही, आईबाबांनाही नाही.
- दोन उबळींच्या मध्ये मूल अगदी ठणठणीत दिसते. म्हणूनच दवाखान्यात डॉक्टरांना काही सापडत नाही.
- ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो.
- जोराच्या खोकल्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते, बरगड्या दुखतात, कधी चड्डीत थेंब सुटतात. वयात येणारी मुले लाजेने हे सांगत नाहीत, तेव्हा आपणच हळूच विचारावे.
- घरात किंवा वर्गात आणखी कोणी असेच खोकते आहे.

यातल्या दोन-तीन खुणा जुळल्या तर डॉक्टरांना सरळ विचारा, "हा शाएलेत असेल का?" मोठ्या मुलाच्या बाबतीत हा विचार डॉक्टरांच्याही मनात उशिरा येतो. विचारण्यात त्यांचा अपमान नाही. मी विचारले नाही, ही माझी चूक. आणखी एक युक्ती सांगते. रात्रीच्या उबळीचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दिवसभरात किती उबळी आल्या, किती वेळा ओकारी झाली, ते वहीत लिहा. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

नाकात खोलवर काडी घालून नमुना घेतात. खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत ही तपासणी चांगली लागते. फार उशीर झाला की जंतू सापडत नाही, खोकला मात्र असतो.

औषध काय करते, काय करत नाही

डॉक्टर प्रतिजैविक देतात, बहुधा अझिथ्रोमायसीन, पाच दिवस. अगदी सुरुवातीला दिले तर दुखणे हलके होते. उबळी सुरू झाल्यावर दिले तर खोकला लगेच थांबत नाही, पण मूल दुसऱ्यांना रोग देणे थांबवते. म्हणून "औषधाने गुण नाही" म्हणून ते मध्येच सोडू नका. पाच दिवस पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेत पाठवायचे नाही. औषध घेतलेच नाही तर तीन आठवडे घरी ठेवावे लागते. घरातल्या इतरांनाही, खोकला नसला तरी, डॉक्टर औषध देऊ शकतात. कपाटातले मागच्या वर्षीचे उरलेले औषध कोणी घेऊ नये.

बाजारातल्या खोकल्याच्या सिरपचा या खोकल्यावर फारसा उपयोग होत नाही आणि लहान मुलांना ती देऊ नयेत. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध दिलात तर घशाला बरे वाटते. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही चाटवायचा नाही, बोटावर घेऊनसुद्धा नाही. त्याने बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आपल्या आज्या चाटवायच्या हे मला माहीत आहे. तरीही नाही.

घरी कसे निभवायचे

उबळ आली की मुलाला बसते करा, थोडे पुढे वाकवा, पाठीवर हात ठेवा. धपाधप मारू नका. हातात एक भांडे द्या. आपण घाबरलो की मूल जास्त घाबरते, म्हणून हळू आवाजात बोला, "बस, झाले, आता श्वास घे." उबळ बहुधा एक-दोन मिनिटांत ओसरते.

जेवण थोडे-थोडे, पण पुष्कळ वेळा. उबळ आणि ओकारी होऊन गेल्यावर थोडे थांबून पुन्हा खायला दिले तर ते पोटात राहते. पातळ खिचडी, मऊ भात-वरण, सूप, केळे. पाणी घोट-घोट पाजत राहा. कोरड्या, चुरा पडणाऱ्या वस्तू नकोत, त्या घशाला लागून उबळ आणतात.

घरात धूर नको. आजोबांनी सिगारेट गॅलरीतही ओढू नये, कपड्यांना वास राहतो. उदबत्ती, डासांची अगरबत्ती, अत्तराचा फवारा बंद. आणि बायांनो, सुक्या मिरचीची फोडणी काही आठवडे विसरा. आमच्या घरी फोडणीच्या एका ठसक्याने नातवाला सलग तीन उबळी आल्या होत्या.

रात्रीच्या पाळ्या लावा. एक रात्र आई, एक रात्र बाबा, एक रात्र आजी. तीन आठवडे न झोपलेली आई स्वतःच आजारी पडते आणि मुलावर ओरडते. आम्ही म्हातारी माणसे तशीही पहाटे चारला जागी असतो, मग आमचा उपयोग करून घ्या. पण ज्या आजी-आजोबांना दमा आहे, छाती कमजोर आहे, त्यांनी मुलाचे औषधाचे पाच दिवस संपेपर्यंत लांब राहावे.

शाळेत परत गेल्यावरही खोकला असतोच. शिक्षकांना आधी सांगून ठेवा की मूल आता रोग पसरवत नाही, पण उबळ आली तर वर्गाबाहेर जाऊ द्या. बाटलीभर पाणी सोबत द्या. खेळ एकदम सुरू करू नका, धावले की उबळ येते. आणि तीन-चार महिन्यांनी साधी सर्दी झाली तरी तीच जुनी उबळ पुन्हा येऊ शकते. डांग्या परत आला असे नाही, पण खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना दाखवा.

ताबडतोब धावायचे केव्हा

ओठ किंवा चेहरा निळा पडला, श्वास थांबला, मूल बेशुद्ध झाले, आकडी आली, तर 101. दोन उबळींच्या मध्येही धाप लागत असेल, मोठा ताप चढला, पाणीही पोटात राहत नसेल, दिवसभरात लघवी अगदी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचे नाही.

आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळा नियम. घरात कोणाला असा खोकला असेल आणि बाळ दूध सोडत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, रंग बदलत असेल, तर बाळ खोकत नसले तरी सरळ इस्पितळात न्या. "बाळ तर खोकत नाही" या शब्दांनी आमच्या घरात एक पाळणा रिकामा केला.

लस

बाळाला पहिली लस दोन महिन्यांनी मिळते, मग चार महिने, सहा महिने आणि एक वर्ष. इथे शाळेत दुसरीत आणि आठवीत पुढचे डोस देतात. आताची लस पूर्वीच्या लशीपेक्षा कमी त्रासाची आहे, पण तिचा जोर लवकर उतरतो, म्हणून हे डोस चुकवायचे नाहीत. शाळेतून संमतीचा कागद येतो. तो दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो. शोधा आणि सही करा.

पहिल्या दोन महिन्यांत बाळाकडे स्वतःची लस नसते. त्यासाठी गरोदर बाईने प्रत्येक गरोदरपणात 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान लस घ्यावी, म्हणजे आईची शक्ती बाळाला जन्माआधीच मिळते. 2012 साली माझ्या सुनेला ही सोय नव्हती. इथे ती शिफारस 2015 साली सुरू झाली. आज ती आहे, तर घ्या. बाळाला मांडीवर घेणाऱ्या आजी-आजोबांनीही आपल्या कुपात होलीममध्ये स्वतःच्या डोसाबद्दल विचारावे. हा रोग गेलेला नाही. 2023 साली इस्राएलात पुन्हा त्याची साथ आली आणि तान्ही बाळे दगावली.

मुलांनो, आता तुमच्यासाठी

(ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजीने वाचून दाखवावे.)

फार वर्षांपूर्वी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग नावाच्या दोन बाया राहायच्या. दोघी आधी शाळेत शिकवायच्या, मग प्रयोगशाळेत काम करू लागल्या. 1932 साली त्यांनी डांग्या खोकल्यावर काम सुरू केले. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आजारी मुलांच्या घरी जायचे. त्या मुलांपुढे एक छोटी बशी धरायच्या आणि म्हणायच्या, खोक! त्या बशीत पडलेले जंतू वाढवून त्यांनी लस तयार केली. म्हणजे खोकणाऱ्या मुलांनीच पुढच्या मुलांना वाचवायला मदत केली.

तुम्हीही मदत करू शकता. खोकला आला तर कोपरात खोका. खोकून ओकारी झाली तर लाजू नका, घरी लगेच सांगा. सर्दी-खोकला असताना तान्ह्या भावंडाचा पापा घेऊ नका, लांबून हात हलवा, त्याला तेही आवडते. आणि वर्गातले एखादे मूल असे खोकत असेल तर त्याला हसू नका. त्याला पाण्याची बाटली द्या.

माझा नातू त्या वेळी मला म्हणाला होता, "आजी, मी तिला आजारी केले का?" मी त्याला सांगितले, "नाही रे बाळा, जंतूने केले. ओळखायचे काम मोठ्यांचे होते." तुमच्या घरी असे कधी झाले तर मुलाला हे नक्की सांगा. तो विचार पोरे मनात ठेवतात आणि बोलत नाहीत.

तीच नात आठवीत गेली तेव्हा लशीचा कागद घेऊन स्वतः माझ्याकडे आली. "सव्ता, याच्यावर आई सही करेल की तू?" म्हणाली. सही आईनेच केली. मी फक्त पेन शोधून दिले.

तर वाचकहो, या हिवाळ्यात घरात कोणी खोकले तर दिवस मोजा, उबळ ऐका, ओकारीकडे लक्ष ठेवा, आणि शंका आली तर विचारा. सर्व आजाऱ्यांना रिफुआ शेलेमा. सर्वांना आरोग्य आणि दीर्घायुष्य लाभो.